बॅनरखालची नोटीस

हे आजवर तोंडातून बाहेर पडलेलं नाही — बायकोसमोरसुद्धा नाही. तुम्हाला लिहून सांगतोय, पण सुरुवात कुठून करू?

मी हिंगोलीकडचा. पाचवीनंतर शाळा सुटली आणि पुढे लालबागला एका मंडपवाल्या शेठकडे लागलो. बांबू बांधायचे, बॅनर ताणायचे. चाळीतल्या परब काकींनी मला जेवू घातलं, संध्याकाळी दारात बसवून पेपर वाचायला शिकवलं. मग नादच लागला — दिसेल ती पाटी मी मोठ्यानं वाचायचो. अख्खी चाळ हसायची.

चाळीला लागून मैदान. महापालिकेच्या आराखड्यात ते खेळासाठी राखलेलं. तिथे बिल्डरचा टॉवर नको, असं पालिकाही म्हणत होती. पण शेवटचा शब्द राज्य सरकारचा. तिथून आरक्षण बदलायचं ठरलं, की लोकांच्या हातात एकच गोष्ट उरते — मुदतीत हरकत घ्यायची. अर्ध्या मैदानासाठी तशी नोटीस एका सकाळी मैदानाच्या भिंतीवर चिकटवलेली होती.

मी ती पाहिली. वाचली — आयुष्यात पहिल्यांदा, मनातल्या मनात. कारण शेठनं त्याच भिंतीवर कुणा साहेबांच्या वाढदिवसाचा बॅनर लावायला पाठवलं होतं. नाही म्हटलं आणि काम गेलं तर? झोपायची जागा गेली तर? मी नोटिशीवरच बॅनर ताणला, दोऱ्या घट्ट केल्या. तो उतरला तोवर मुदत संपली होती आणि खालचा कागद फाटून गेला होता.

त्या अर्ध्या मैदानाला बांधकामाचे पत्रे लागले, तेव्हा चाळीत विचारणा झाली — नोटीस लागलीच नव्हती का रे? मी म्हटलं, भिंत कोरी होती. कुणीतरी संशयानं खाकरलं. तर काकीच उसळल्या, “ह्यो पाटी वाचल्याशिवाय पुढे जाणा नाय! असती तर ह्येना वाचली नसती काय?”

विषय तिथेच मिटला. मी बांबू उचलून कामावर गेलो.

गेल्या आठवड्यात उरलेल्या अर्ध्या मैदानाची नोटीस लागली. शेठनं पुन्हा तिथेच बॅनर सांगितला. मी बांबू नोटिशीच्या बाजूला रोवले आणि नोटीस मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली. पोरं खेळ थांबवून आली, बायका खाली उतरल्या. आता घराघरात हरकती लिहितायत. हे अर्धं राहील — मला खरंच वाटतं.

काकींना हल्ली नीट दिसत नाही. पेपर मीच वाचून दाखवतो. उद्या पेपराच्या जागी हे लिहिलेलं वाचीन. मोठ्यानं.