आमच्या वावरातला डबा

ज्याची हळद शिजते, त्याच्या घरून कुकरवाल्याला डबा येतो, ही आमच्याकडची रीत. सेनगावपासून वसमतपर्यंत कुणाच्या घरचं मी खाल्लं नाही, विचारा! नाही खाल्लं ते फक्त आमच्या घरचं.

हिंगोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी पुस्तकं मिटली आणि एका कुकरवाल्याच्या हाताखाली लागलो. कुकर म्हणजे ट्रॅक्टरमागचा गाडा, त्यावर बॉयलर आणि हळदीचे चार ड्रम. पुढं स्वतःचा घेतला. वाफेचा वास पालटला की मला कळतं, हळद झाली. काडी टोचून बघतो ती शेतकऱ्याच्या समाधानासाठी. बी.ए.च्या एकाही पेपरात मला एवढं ठाम काही कळलं नव्हतं. हे काम मला आवडतं, उगाच कशाला लपवू?

आवडत नाही ते जेवण. हळद काढणारी माणसं जोडीजोडीनं येतात, दुपारी गोल करून बसतात, हसतात. मला कुणी दूर ठेवत नाही, पण कुकरवाल्याचा डबा वेगळा, त्यात मानाचा शिरा. तो घेऊन मी लिंबाखाली एकटाच. तीन महिने असे जातात. कधीकधी बॉयलरशी बोलतो. हसा खुशाल.

बाबांनी तर बोलणंच टाकलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचे, "पोरगं हिंगोलीला परीक्षेची तयारी करून राहिलं." आणि पोरगं शेजारच्याच वावरात हळद शिजवत असायचं! स्वतःच्या हळदीसाठी ते लांबून दुसराच कुकर बोलवायचे. अख्ख्या गावाला दिसायचं. मला लाज वाटायची, राग यायचा, आणि दर साली वाटायचं, यंदा तरी बोलावतील.

गेल्या साली मी शेजारच्या वावरात होतो. बाबांच्या कुकरवाल्यानं घाईत गड्डे, म्हणजे झाडाच्या बुडाचे जाड कंद, आणि बोटाएवढी हळकुंडं एकाच ड्रममध्ये भरली. गड्ड्याला वेळ जास्त लागतो, हे तिथल्या शेळीलाही ठाऊक! मी बांध ओलांडून गेलो. म्हटलं, "बाबा, काढू देऊ नका. गड्डे कच्चे हायेत."

"तुला काय कळतं? बी.ए. तरी झाला का तू?" सगळ्यांसमोर म्हणाले. मी आल्या पावली परतलो. त्यांची हळद आतून पांढरट निघाली. मला त्याचा आनंद झाला नाही, खरंच नाही.

यंदा आईचा फोन आला. "ते म्हणून राहिले, कुकर घेऊन ये."

गाडा आमच्या वावरात लावला. गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी भरली. बाबा दिवसभर बांधावर होते. दुपारी तेच डबा घेऊन आले.

"शिजली का?"

"हळकुंडं झाली. गड्ड्यांना अजून दहा मिनिटं."

वाटलं, आता काही तरी टोचून बोलतील. ते म्हणाले, "बराबर," आणि ड्रमजवळ उकिडवे बसले. दहा मिनिटं हलले नाहीत. त्या एका शब्दासाठी मी किती वर्षं वाट बघितली होती!

मग मी डबा उघडला. वाटलं होतं, आईचं पिठलं असेल, ज्वारीची भाकर, वर ठेचा. आमच्या घरी लेकराला तेच मिळतं.

शिरा होता. तूप सोडलेला.

"तुझ्या मायला म्या सांगितलं," बाबा म्हणाले, "कुकरवाल्याला शिरा करतात म्हणून."

मी "या ना जेवायला" म्हणालो. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि ते बांधाकडं चालू लागले. मी लिंबाखाली बसून सगळा शिरा खाल्ला. गोड होता. पिठल्याची आठवण काही जाईना.