बुवा येईल

आमच्या देवासला पाळणाघराला झूलाघर म्हणतात. कारखान्यात जाणाऱ्या बायका सकाळी मुलं सोडतात, संध्याकाळी घेऊन जातात, आणि मधल्या वेळात ती मुलं आमची. मी तिथे काम करते हे माझ्या मुलाला पसंत नाही. तो बंगळुरूला असतो. "आई, तुला काय कमी आहे? लोकांची शेंबडी पोरं कशाला पुसत बसतेस?" असं फोनवर म्हणतो. आता याला काय सांगू, की मला शेंबडी पोरंच कमी आहेत!

आमचे हे वारल्यापासून घरात मराठी बोलायला कोणी राहिलेलं नाही. शेजारपाजार चांगला आहे, पण सगळं हिंदीत, नाहीतर माळवीत. सकाळी दूधवाल्याला "भिया, आज आधा लीटर" म्हटलं की संध्याकाळपर्यंत तोंड बंद. नात फोनवर "हाय आजी" म्हणते नि पळून जाते. कधी कधी मी भाजी निवडताना भाजीशीच बोलते. हसू नका, एकटं राहून बघा.

झूलाघरात मात्र मी दिवसभर मराठीत बोलते. दूधपित्या मुलांना भाषेचं काय, त्यांना सूर कळतो. "मंमं खा गं राणी", "गाई गाई कर", "चल भुर्र जाऊ". त्यातली एक पोरगी, कपाळावर काजळाचा हा एवढा टिक्का लावून येणारी, दुपारी माझ्याच मांडीवर झोपायची. दुसऱ्या कोणी उचललं की अंग ताठ करायची. ती झोपली की माझ्या पायाला मुंग्या यायच्या, पण मी हलत नसे. त्या ओझ्यासाठीच मी तिथे जात होते, पगार आपला असाच.

मग नियम आला. मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकीचं प्रशिक्षण झालं पाहिजे, शेवटी परीक्षा. पास झाली ती मुलांमध्ये राहील, नाही झाली तिने स्वयंपाकघर बघायचं. आमची इन्चार्ज माझ्या मुलाच्या वयाची. मला म्हणाली, "काकी, आपको तो सब आता है, बस जाकर आ जाओ." मलाही तसंच वाटलं. एक मूल वाढवलंय, भावाची दोन वाढवलीत, मला कोण काय शिकवणार?

प्रशिक्षण धारला होतं. धार माझं माहेर, म्हणजे होतं. आईवडील गेले, भाऊ पुण्याला गेला, घर विकलं. बसमधून उतरले आणि पहिल्यांदाच धारमध्ये मला सतरंजी-उशी घेऊन वसतिगृहात जावं लागलं. बाकीच्या बायका धरमपुरीच्या, डहीच्या, एक नालछ्याची. तरुण सगळ्या. घोळका करून बसायच्या, घरून आणलेली शेव एकमेकींना द्यायच्या. मलाही द्यायच्या, "लो अम्मा" म्हणून. अम्मा! मी शेव खायची आणि आपल्या खाटेवर जाऊन बसायची.

शिकवणाऱ्या मॅडम शांत होत्या. आवाज चढवणं त्यांना माहीतच नसावं. बाळाला पाठीवर निजवायचं, पालथं नाही. घशात काही अडकलं तर कसं धरायचं, पाठीवर कुठे मारायचं, हे रबरी बाहुलीवर करून दाखवायचं. मुलाशी बोलताना गुडघ्यावर बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला. माझे गुडघे कटकट वाजायचे, पोरी खुदुखुदु हसायच्या. मीही हसायची. पण मॅडम दोन गोष्टी रोज सांगायच्या. मुलाला भीती घालायची नाही. आणि जो येणार नाही, तो येईल असं मुलाला सांगायचं नाही. "मम्मी अभी आएगी" असं म्हणून गप्प करायचं नाही, कारण मूल त्यानंतर वाट बघतं. मी मनात म्हटलं, हात्तिच्या, यात काय मोठंसं.

परीक्षा तिथल्याच झूलाघरात होती. प्रत्येकीला एक मूल दिलेलं, त्याला जेवू घालायचं आणि निजवायचं. मला तीनेक वर्षांचा एक खट्याळ मुलगा मिळाला. जेवला छान. झोपेचं मात्र नाव नाही. उशी फेकतोय, शेजारच्या पोरीची वेणी ओढतोय. मॅडम कोपऱ्यात उभ्या. मी थोपटतेय, गुणगुणतेय, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, लहानपणापासून जे ऐकलं आणि सगळ्यांना म्हटलं तेच: "झोप रे राजा, नाहीतर बुवा येईल हं!"

पोरगं एकदम थांबलं. "बुआ?"

मला वाटलं, लागू पडलं. मी डोळे मोठे केले. "हां! बुवा!"

त्याने चादर भिरकावली आणि "बुआ आ रही है! बुआ आ रही है!" ओरडत दाराकडे धाव घेतली. आपली चप्पल उलटी-सुलटी पायात घातली आणि जाळीला धरून उभा राहिला. त्याची आत्या, त्याच्या भाषेत बुआ, मांडूकडे राहते, आली की त्याच्यासाठी तिकडची मोठी गोरखचिंच घेऊन येते, हे मला तिथल्या बाईने नंतर सांगितलं. कर्म माझं! मी बागुलबुवा बोलावला आणि त्याला आत्या ऐकू आली.

सगळ्या पोरी पोट धरून हसल्या. मीही हसत हसतच मॅडमना समजावू लागले, की हमारे मराठी में बुवा मतलब वो नहीं, बुवा मतलब डरावना आदमी. बोलता बोलता माझंच हसू गेलं. मॅडमनी हळूच विचारलं, "मतलब आप उसे डरा रही थीं?" भीती घातली म्हणावं तरी चूक, आत्या येईल म्हटलं म्हणावं तरी चूक. एका शब्दात मी दोन्ही नियम मोडले होते.

"कोई बात नहीं," मॅडम म्हणाल्या, "अब जाकर उसे सच बता दीजिए. बुआ नहीं आ रही."

मी गेले. गुडघ्यावर बसले. त्याने माझ्याकडे इतक्या आनंदाने बघितलं! गाल जाळीला दाबून दाबून त्यावर चौकडीचे वळ उठलेले. "आ गई?" म्हणाला. माझ्याच्याने नाही बोलवलं. मी म्हटलं, "आती होगी बेटा."

मॅडमनी ऐकलं. त्यांचं लिहिणं चालू होतं. पोरगं झोपलं नाही, खेळलं नाही, दुपारभर तिथेच उभं राहिलं. संध्याकाळी आई न्यायला आली तर आईला बघून भोकाड पसरलं. का रडतोय ते बिचारीला कळेना. मला कळत होतं, पण मी पुढे झाले नाही.

मी नापास झाले. पुढची परीक्षा पावसाळ्यानंतर. मॅडमनी हात हातात घेऊन सांगितलं, "आप फिर आइए, ज़रूर आइए." मला भयंकर राग आला. बसमध्ये इंदूरपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मेलं एका शब्दाचं एवढं काय! घरोघरच्या आया म्हणत आल्या, कोणाचं वाकडं झालं? इंदूरला बस बदलली आणि खिडकीशी बसले, तेव्हा त्या गालावरचे वळ आठवले. मग शिव्याही सुचेनात.

आता मी देवासच्या झूलाघरात स्वयंपाक करते. इन्चार्ज खाली मान घालून म्हणाली, "काकी, नियम है, मैं क्या करूँ." तिचा काय दोष! सकाळी दलिया, दुपारी खिचडी. स्वयंपाकघराला अर्धं दार आहे, मुलं आत येऊ नयेत म्हणून. पलीकडून आवाज येतात, कोण रडतंय ते मला न बघता कळतं, पण जायचं नाही. आणि खिचडीला "गाई गाई" म्हणता येत नाही.

पहिल्याच दुपारी ती टिक्केवाली पोरगी दाराशी आली. दोन्ही हात वर. "काकी, गोदी." नवी मुलगी, पास झालेली, तिच्यामागे धावत आली. "चलो चलो, काकी अभी आएगी, काम करके आएगी." पोरगी हलेना. दारावर डोकं टेकून माझ्याकडे बघत राहिली.

मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि दाराच्या अलीकडे गुडघ्यावर बसले. तिला नीट कळावं म्हणून हिंदीत बोलले. मुलांशी मी कधी हिंदीत बोलत नसे, माझाच आवाज मला परका वाटला. "काकी नहीं आएगी, बेटा. आज नहीं, कल भी नहीं. काकी खाना बनाएगी. तू दीदी के पास सो."

तिने आधी माझं तोंड निरखलं. मग अशी काही रडली की आतली मुलंसुद्धा गप्प झाली. नव्या मुलीने तिला उचललं, तिने अंग ताठ केलं, लाथा मारल्या. मी तिथेच बसून होते, मला उठवेना. मग लाथा थांबल्या. मग हुंदके. मग तिने त्या मुलीच्या खांद्यावर डोकं टाकलं, आणि थोड्या वेळाने बघते तर तिच्या मांडीवर गाढ झोपलेली.

म्हणजे मॅडमनी शिकवलं ते बरोबर होतं. मूल खरं ऐकून रडतं, आणि मग झोपतं. मी खिचडीपाशी उभी राहून पदर तोंडात धरून रडले. खरं सांगू? मला वाटलं होतं, ती आणखी थोडी तरी रडेल.