विहिरीवरून परत आणलेलं इंजिन

पिंपरीतल्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा संशोधन विभागात आम्ही दोघंच होतो, साहेब आणि मी. साहेब परदेशातली नोकरी सोडून आले होते. इथं काहीतरी नवं घडवायचं, एवढीच त्यांची हौस.

आमची इंजिनं परदेशी कंपनीच्या ड्रॉइंगवरून बनत. ती तिकडच्या थंड हवेसाठी आखलेली. आपल्या उन्हाळ्यात विहिरीवर दुपारभर चालली की तापून बंद पडत. साहेबांनी इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, नव्यानं आखलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळायला जास्त जागा दिली. ओतकाम कितीदा तडकलं, पण शेवटी जमलं. चाकणजवळ एका कांदेवाल्या शेतकऱ्याच्या विहिरीवर आमचंच जुनं इंजिन काढून आम्ही ते बसवलं. सगळा उन्हाळा ते एकदाही बंद पडलं नाही.

"साहेब, ह्ये आता न्हेऊ नगा. ऱ्हाऊ द्या हितंच," कांदेवाला म्हणाला. साहेब लहान मुलासारखे हसले.

कारखान्याच्या डायरेक्टरांनी साहेबांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काम छान आहे. पण परदेशी कंपनीशी करार आहे ना आपला. त्यांच्या मंजुरीशिवाय ड्रॉइंग बदलता येत नाही."

"मग मंजुरी मागू या."

"कशाला? बाहेरून तयार इंजिनं येत नाहीत, इथं दुसऱ्या कुणाला लायसन मिळत नाही. गिऱ्हाईक नंबर लावून बसलंय. आहे तेच खपतंय, तर बदलायचं कशासाठी?"

तरी साहेबांनी हट्टानं मंजुरी मागवली. नकार आला, आणि सोबत चाचणीचं इंजिन काढून घेण्याचा हुकूम. ट्रक घेऊन मीच गेलो. कांदेवाल्यानं कारण विचारलं. मी वरचा हुकूम आहे म्हणालो. जुनं, तापणारं इंजिन आम्ही परत त्याच्या विहिरीवर बसवलं. तो बांधावर पाठ करून बसला, चहालासुद्धा थांबवलं नाही.

आमच्या चाचणीच्या खोलीत परदेशी कंपनीकडून आलेल्या सुट्या भागांची खोकी रचली गेली. साहेबांना परदेशी सूचनापत्रकं तपासायला बसवलं. एकदा कॅन्टीनमध्ये ते म्हणाले, "मी परत यायलाच नको होतं रे." आणि काही दिवसांनी ते पुन्हा परदेशी निघून गेले, कायमचे.

मी राहिलो. विभागाची पाटी होती, काम नव्हतं. पुढं कॉलेजातून नवी पोरं उत्साहानं यायची, काय शोधायचं म्हणून विचारायची. मी त्यांना दुसऱ्या विभागात बदली मागायला सांगायचो. बहुतेक जण ऐकायचे.