गोठ्यावरचे चार हूक

आमचं घर पेठच्या पुढे, डोंगराच्या अंगावर. वैशाख लागला की वडील घर वादळवाऱ्यासाठी तयार करायला घ्यायचे. सरपण पडवीत यायचं, भाताच्या पोत्यांखाली फळ्या जायच्या, छपराचे गंजलेले हूक बदलून पत्रे तारेनं आवळले जायचे. त्यांचे गुडघे गेल्यापासून छपरावर मीच चढायचे. आम्ही दोघी बहिणीच. मी नाशिकला नोकरीला, तरी या कामासाठी रजा काढायचे.

त्या वर्षी गोठ्याचे शेवटचे चार हूक राहिले. पत्रा तापून हात भाजत होते. वडील खालून म्हणाले, "तेवढं करूनच उतर."

"उद्या सकाळी करते, बाबा."

सकाळी मी मैत्रिणीकडे गेले. तिच्याकडे लग्न होतं, बांगड्या भरायच्या होत्या. दुपारी परतले तेव्हा पश्चिमेचं आभाळ काळंनिळं झालेलं. समुद्रात चक्रीवादळ आहे असं फोनवर येत होतं, पण ते आमच्या डोंगरापर्यंत पोचेल असं कुणाला वाटलं नव्हतं. शेजारच्या काकी अंगणात वाळत घातलेले नागलीचे पापड गोळा करत होत्या. "ये गं, दोन हात लाव," म्हणाल्या. "आलेच," म्हणून मी पाणी प्यायला घरात गेले.

तेवढ्यात वारा आला. गोठ्याचा पत्रा सुटताना मी ऐकला. आधी फडफडला, मग करकरला, मग काहीच नाही. बाहेर आले तर काकी पापडांच्या मधोमध आडव्या पडलेल्या, डोक्याला पत्रा लागलेला.

जीप मिळाली, पण घाटात झाडं कोसळली होती. फांद्या तोडून वाट होईपर्यंत काकी गेल्या. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

लोक म्हणाले, वादळानं नेलं. चार-पाच घरांचे पत्रे उडाले होते, कुठला कुणाचा हे कुणी विचारलं नाही. पुढच्या वैशाखात वडिलांनी मला बोलावलं नाही. मी आपणहून गेले, तर आमच्या छपरावर काका, काकींचे मालक, तार आवळत बसले होते. न सांगता आले होते म्हणे.

दरवर्षी ते येत राहिले. मी तार पुढे करायचे, ते आवळायचे. तिसऱ्या वर्षी गोठ्यावर असताना मला राहवेना. म्हणाले, "काका, तो पत्रा आमचा होता. चार हूक मी उद्यावर टाकले होते."

त्यांच्या हातातली पक्कड थांबली नाही. "ठाऊक हाय. कडेला तुमच्या गोठ्याचा निळा रंग व्हता त्याच्या."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पापड भिजतील, जा, असं तिला मीच सांगितलं व्हतं." त्यांनी तारेला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाले, "तार नीट धर. ढिली सोडू नको."

वडील आता नाहीत. काकांना वर चढवत नाही, ते अंगणातून बघत उभे राहतात. मी एकेक हूक हातानं हलवून पाहते, तरी खाली उतरल्यावर एखादा राहिला असं वाटतं आणि पुन्हा शिडी लावते.

नाशिकला माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, डोक्यावर पक्का स्लॅब. पण दुपारी वारा सुटला की कुठेतरी पत्रा फडफडायला लागतो. घरात बाकी कुणाला तो ऐकू येत नाही. मी गॅलरीत जाते आणि खाली मोकळ्यावर जे कुणी असेल त्याला आत जा म्हणून हाका मारते. लोक वर बघतात, हसतात, आणि तिथेच उभे राहतात.