धुऱ्यावर पाणी किती

वऱ्हाडात राहून बोट घेतली म्हटलं की लोक आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. अमरावतीहून समुद्र गाठायचा तर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. पण नवऱ्याच्या नोकरीपायी आठ वर्षं कोकणात काढली, तिथं हौसेनं बोट चालवायला शिकले आणि परत येताना लोक काजू आणतात तशी मी एक सेकंडहँड फायबरची बोट आणली, मागं छोटं इंजिन असलेली. अकोल्याबाहेर टेम्पो चहाला थांबला तर भोवती माणसं जमली. एकानं अगदी काळजीनं विचारलं, "पूर येऊन राह्यला का वो कुठं?"

बोट मी आमच्याकडच्या एका धरणावर ठेवली. काठावरच्या एका भोई कुटुंबानं अंगणात जागा दिली. परवानगीच्या कागदासाठी धरणाच्या कचेरीत किती चकरा मारल्या ते विचारू नका. मी कॉलेजात गणित शिकवते, पण त्या चकरा मोजायचा मला कंटाळा आला.

कोकणात मला टॅबलेटवर नकाशा बघून बोट हाकायची सवय लागली होती. कुठं खडक, कुठं किती खोल, सगळं पडद्यावर दिसायचं. इथं तेच ॲप उघडलं तर धरणाच्या जागी नुसता निळा डाग. खोली नाही, खूण नाही, काही नाही. बनवणाऱ्यांचा तरी काय दोष? वऱ्हाडात कोणी बोट हाकेल असं त्यांना कशाला वाटेल? मग मी माझा नकाशा माझाच करायला घेतला. बोटीच्या बुडाशी खोली मोजणारं एक यंत्र बसवलं, ते टॅबलेटला जोडलं, आणि इंजिनाचा पंखा कुठं आपटला की त्या जागेला खूण करायची. ठोका एक, ठोका दोन, असं करत मी ठोका सतरापर्यंत पोचले. धरणाच्या पोटात खुंटं असतात, पडक्या भिंती असतात, आणि उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की ती सगळी वर डोकवायला लागतात.

त्या भिंतींशी आमचं नातं आहे, कारण माझ्या वडलांचं गाव या धरणाखाली आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी गाव उठलं. आता बाबा ऐंशीचे आहेत आणि माझ्याकडेच असतात. बोटीत पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर रस्त्याचं ॲप सुरू केलं. त्यातली बाई भर पाण्यात सांगायला लागली, "शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या." बाबा मोबाइलला म्हणाले, "बाई, तुमी कोन्या गावच्या? इथं खाली आमची शाळा हाय." आणि मोबाइल खिशात ठेवून दिला. त्यानंतर मला दिशा सांगायचं काम ते स्वतः करतात. डावं-उजवं त्यांच्या तोंडात येत नाही. "उगवतीच्या अंगानं घे" किंवा "नाल्याकडून चाल" असं सांगतात. नाला तीस फूट पाण्याखाली आहे याचं त्यांना काही वाटत नाही.

आता धुऱ्याचं सांगते. आपलं वावर आणि शेजाऱ्याचं वावर यांच्यामधला मातीचा बांध म्हणजे धुरा, आणि धुऱ्यापलीकडचा शेजारी तो धुरकरी. बाबांचा धुरकरी म्हणजे त्यांचा लहानपणापासूनचा जिवलग. दोघं एका पाटीवर लिहिलेले, एका डोहात पोहलेले. धरण यायच्या दोन वर्षं आधी बाबांनी त्याच्यावर आळ घेतला, की यानं धुरा सरकवून माझी चार तासं आपल्यात ओढली. तास म्हणजे नांगराची एक ओळ, दीड हाताची. चार तासं म्हणजे सहा हात जमीन. धुरकरी काका म्हणाले, "इचार देवाले." बाबा म्हणाले, "देवाले काय इचारू, मी सोता मोजलं." बोलणं बंद झालं. मग धरण आलं, धुरा बुडाला, दोन्ही वावरं बुडाली, मोजायला तासं राहिली नाहीत. अबोला मात्र कोरडाच राहिला. काका अकोल्याला मुलाकडे गेले, बाबा इकडे आले, आणि लग्नाकार्यात समोरासमोर आले की दोघं पंगतीची दोन टोकं धरायचे.

मागच्या थंडीत मला काकांचा फोन आला. बाबांना नव्हे, मला.

"पोरी, म्या आयकलं तुह्यापाशी डोंगा हाय."

"बोट आहे काका."

"तेच ते. मी पुढच्या महिन्यात पोरीकडे बंगलोरले चाललो. कायमचा. जायच्या आंदी मले धुरा पाह्यचा हाय. तुह्या बापाले इचार, येते का."

बाबांना निरोप दिला तर म्हणाले, "जाय म्हना सुखानं. मले काय करायचं हाय?" आणि पेपर उलटा धरून वाचत बसले. दोन दिवस भाकर अर्धी सोडली. मला त्यांचा राग आला आणि कीवही. त्या गावातल्या कोणत्या विहिरीचं पाणी गोड होतं हे सांगू शकणारी आता दोनच माणसं उरली होती, आणि त्यातलं एक निघालं होतं. तिकडं भाषा वेगळी, हवा वेगळी. या वयात गेलेला माणूस पुन्हा धरणाच्या काठावर येतो थोडाच? ही गाठ आता सुटली नाही तर तशीच राहणार होती, हे मला दिसत होतं, आणि बाबांनाही दिसत असणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतून एक कापड लावलेला कागद काढून माझ्यापुढं टाकला. गावाचा जुना मोजणीचा नकाशा. गट नंबरांसकट, धुऱ्यांसकट. "तुह्या मशीनले हे समजते का पाह्य," म्हणाले.

मशीनला समजवायला मला चार संध्याकाळी लागल्या. नकाशाचा फोटो काढून ॲपवर चढवला. अजून पाण्याबाहेर असलेल्या दोन जागा, एक टेकडी आणि एक तुटक्या पुलाचं टोक, त्या जुन्या नकाशावर शोधून आजच्या जागेशी जुळवल्या. मग निळ्या डागाखालून वावरं वर आली. बाबांच्या वावराशेजारी काकांचं वावर आणि मधे एक बारीक काळी रेघ. बाबांनी बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवलं. बोटाखाली दोन्हीकडचं वावर झाकलं गेलं.

एक गोष्ट मला तेव्हाच ठाऊक होती आणि ती मी कोणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर दोघंही आले नसते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी काका अकोल्याहून गाडी करून आले. धोतर, कोट, वर मी चढवलेलं नारिंगी लाइफ जॅकेट. बाबांचंही तेच. काका पुढच्या टोकाला बसले, बाबा मागच्या, एकमेकांकडे पाठ करून. बोटीत वजन असं दोन्हीकडे सारखं विभागलेलं बरं असतं. भांडणाचा तेवढा एक फायदा झाला.

मधे आठ फुटांचं अंतर, तरी निरोप माझ्यामार्फत.

"त्याले सांग, शाळा इकडे नोयती."

"बाबा, काका म्हणतात शाळा इकडे नव्हती."

"त्याले म्हना, तू शाळेत गेलाच कधी?"

हा निरोप मी पोचवला नाही. पण काकांचे कान शाबूत होते, त्यांचे खांदे हललेले मला दिसले.

ठोका नऊ आणि ठोका दहाच्या मधून बोट काढली आणि काळ्या रेघेकडे निघाले. खोलीच्या पडद्यावर तळ सपाट चालला होता. एकाएकी एक उंचवटा आला. बाबा माझ्या खांद्यावरून ओरडले, "हाच. हाच धुरा." काकाही मागं वळले. मी इंजिन बंद केलं. तिघंही पडद्यावर वाकलो. तो उंचवटा हळूच हलला, लांबट झाला आणि पडद्याच्या कडेनं निघून गेला. मासोळ्यांचा थवा होता.

"पाह्य," बाबा म्हणाले, "हा अजूनही सरकवते."

काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. हसूनच पाणी आलं असावं.

थोडं पुढं गेल्यावर पडद्यावरचा बाण बरोबर काळ्या रेघेवर येऊन थांबला. पाणी पस्तीस फूट. काठ लांब, वारा पडलेला. दोघांनीही एकदम पाण्याकडं पाहिलं. पाण्यात आमचीच तीन नारिंगी जॅकेटं दिसत होती.

"आता सांग," बाबा म्हणाले. "मशीन काय म्हनते? धुरा कुठून कुठं सरकला?"

आता माझी सुटका नव्हती. बाणाभोवती पडद्यावर एक फिकट गोल होता, तो मी दाखवला. "बाबा, मशीन म्हणतं आपण या गोलात कुठंतरी आहोत. नक्की कुठं ते त्यालाही माहीत नाही. चार मीटर इकडं, नाही तर चार मीटर तिकडं."

"चार मीटर म्हंजे किती तासं?"

"सहाएक."

"अन् झगडा किती तासांचा?"

"चार."

बाबांच्या मनात आकडेमोड चाललेली मला दिसत होती. शेवटी ते म्हणाले, "म्हंजे आमचा सारा झगडा या गोलाच्या आत?"

"आत. वर जागा उरते."

"अन् हे तुले आंदीपासून मालूम होतं?"

मी टॅबलेटची काच पुसायला लागले. विद्यार्थी माझ्यापुढं वही चाळायला लागतात तशी. बाबा चिडले. ऐंशी वर्षांच्या माणसाला थंडीवाऱ्याचं इथवर कशाला आणलं, हे विचारण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांचं चालूच होतं तेवढ्यात पुढच्या टोकाकडून आवाज आला.

"तीन होते."

बाबा थांबले. "काय?"

"तासं. म्या तीन सरकवले. चार नाई."

चाळीस वर्षांत या माणसानं कबूल केलं नव्हतं. आता भर पाण्यात, काळ्या रेघेवर बसून, केलं. बाबा बसल्या जागी पूर्ण वळले, बोट डुलली, मी दोन्ही हातांनी कड धरली.

"चार. म्या सोता मोजले."

"तीन."

"चार बे."

"तीन म्हनतो ना गा."

निरोप माझ्यामार्फत द्यायचं दोघंही विसरले होते. मी टॅबलेट त्यांच्या मधे ठेवला तसे दोघंही जवळ सरकले. थोड्या वेळानं तीन-चार मागं पडलं आणि त्यांची बोटं नकाशावर फिरायला लागली. इथं गोड इहीर. इथं चिंच, जिच्यावरून तू पडला. मी नाही, तूच पडला. मी एकेका जागेला खूण करत गेले. कधी नव्हे तो माझ्या नकाशात ठोक्यांशिवाय दुसरं काही आलं. बाबांनी खिशातलं संत्रं सोललं आणि अर्धं काकांच्या हातावर ठेवलं, फोडी न मोजता.

"या जागेले नाव काय देतं?" काळ्या रेघेवरची खूण करताना काकांनी विचारलं.

"धुरा."

"कोनाचा?"

"दोघाइचा," बाबा म्हणाले. मी तेवढंच लिहिलं.

काठावर काका गाडीत बसले. बाबा काचेशी उभे राहिले, काही तरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि म्हणाले, "मफलर बांध." गाडी गेली.

परतताना चांदूर बाजार आलं. बाबा एकाएकी म्हणाले, "आदल्या साली एक म्या सरकवलं होतं."

"काय?"

"तास. एक. त्याच्यातलं. कोनाले मालूम नाई."

मी गाडी बाजूला घेतली. गणित शिकवणाऱ्या बाईला हे तोंडी करायला काय लागतं? बाबांनी एक घेतलं. काकांनी चार घेतली. त्यातलं एक त्यांचं स्वतःचंच. उरली तीन. "बाबा," मी म्हटलं, "काका तीन म्हणतात ते काही कमी करून सांगत नाहीत. त्यांना तुमचं एक ठाऊक आहे."

बाबांनी काच खाली केली आणि बाहेर पाहत राहिले. "सांगीन मी त्याले," म्हणाले. पण काका बंगलोरला जाईपर्यंत त्यांनी सांगितलं नाही. मी आठवण करून दिली की नुसते खाकरायचे.

आता दर रविवारी सकाळी काकांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "धुऱ्यावर पानी किती?" त्यापायी मला आदल्या दिवशी धरणावर जाऊन त्या खुणेशी खोली बघून यावी लागते. मी एकदा अंदाजे आकडा ठोकून दिला, तर पाऊस नसताना पाणी वाढलं कसं म्हणत काकांनी तिकडून पकडला.

चौथ्या की पाचव्या रविवारी बाबांनी मला खोलीतून बाहेर जायला सांगितलं. मी दाराआडच थांबले. फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर होता, कारण तो बंद कसा करायचा हे बाबांना अजून येत नाही.

"पानी एकतीस फूट हाय," बाबा म्हणाले. मग खाकरले. मग, "आयक. त्या चारातलं एक तुहंच होतं. आंदी म्या सरकवलं होतं."

"हो," काका म्हणाले. "मोजलं होतं म्या."

"मंग चाळीस वर्षं सांगतलं कावून नाई?"

"सांगू कोनाले? तू त बोलतच नोयता."