वाकडं आढं

छपरं शाकारण्याचं काम घराण्यात बापाकडून मुलाकडे चालत आलेलं. पण या पिढीतल्या मुलाला शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच घेरी यायची, म्हणून ते सुनेकडे आलं. सून धीट होती आणि नको तितकी चौकस. हे घर कोणी बांधलं, कधी बांधलं, असंच का बांधलं, याचा छडा लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

त्या दिवशी तर कारणही तसंच होतं. गावातल्या सगळ्यात जुन्या गवती घराचं आढं, म्हणजे छपराचा वरचा कणा, मधेच डावीकडे झुकलेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी ते घर सासऱ्यानं शाकारलं. तेव्हापासून गाव त्याला ‘वाकड्या’ म्हणे, आणि घराच्या कामाला त्याला पुन्हा कोणी बोलावलं नाही. सगळा जन्म गोठ्यांवर गवत अंथरण्यात गेला. सुनेनं विचारलं की तो एवढंच म्हणे, “हात चुकला, पोरी.”

आता मालकानं बजावलं होतं, “या खेपेला आढं दोरीत सरळ हवं. नाहीतर पत्रे ठोकतो.”

सासरा अंगणात खुर्ची टाकून बसला आणि सून वर चढली. वरचं, नंतर इतरांनी घातलेलं काळं गवत उपसलं, तर खाली सासऱ्याचा थर कोरडा ठणठणीत. त्याच्याखाली आणखी जुना थर, तो सुतळीनं नव्हे, वेलींनी बांधलेला. सगळ्यात खाली बोटभर काजळी.

“बाबा, या घराला आधी धुराडंच नव्हतं! चूल मधोमध असणार!”

“असेल. आढं बघ.”

आढं म्हणजे एक अख्खं झाड होतं. तासलेल्या खुणा अजून दिसत होत्या. वाजवून पाहिलं तर लाकूड खणखणीत, पण मधे कोपरासारखं वळलेलं. सासऱ्याचं गवत अगदी लाकडाबरहुकूम बसलेलं होतं. तिथे भर घालून सरळ दाखवता आलं असतं, पण मग त्या जागी पाणी मुरून सगळं कुजलं असतं.

तिनं मालकाला वर बोलावलं. त्यानं लाकडावरून हात फिरवला आणि खाली उतरून सासऱ्यापुढे आला.

“काका, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तुझ्या आजोबांना बोललो होतो. दुसऱ्या दिवशी तुझ्या बापासाठी मुलीकडचे घर बघायला येणार होते. आढं वाकडं म्हटलं की लोकांना वाटणार, घर पडायला आलंय. आजोबा रडकुंडीला आले. मी म्हटलं, मग माझा हात वाकडा म्हणा. झालं, तुझी आई आली या घरात.”

सुनेला भडभडून आलं, आणि रागही आला. “अहो, पण लग्न पार पडल्यावर तरी सांगायचं!”

“शब्द दिला होता ना.”

मालकानं विचारलं, “मग आता काय करू, काका?”

“आता घरात कोणाचं लग्न आहे का?”

“नाही.”

“मग सांगून टाक खरं.”

मालक स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं आधी आईलाच सांगितलं.