कौसाबाईला दिलेल्या कांड्या

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. आता सांगते आहे, पण मी नाक घासायला बसले आहे असं समजू नका. तसला माझा स्वभाव नाही.

अनसिंगजवळच्या आमच्या गावात पेरणीला तिफणीमागे एक बाई चालायची. कमरेला बियाण्याची ओटी, आणि सरत्याच्या नळीतून दाणे सोडत जायचं. पण कुणीही बाई चालत नसे — हाताला गुण असलेली लागे. आणि गुण कुणाच्या हाताला? शेजारच्या कौसाबाईच्या. घरोघरी तिलाच बोलावणं, चोळी-नारळ तिलाच. आणि मी? मी शेणखताच्या टोपल्या वाहायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतर गवत वाटणारे एक साहेब आले. आमच्याकडे जर्सी गाय, विहिरीला पाणी, म्हणून संकरित नेपियरच्या कांड्या पहिल्यांदा आम्हाला मिळाल्या. उसासारख्या कांड्या, पेराला डोळा. डोळा मातीत गेला की फुटतो, कापलं की पुन्हा वाढतं. ऐन उन्हाळ्यात गावातली जनावरं कडबा चघळत होती आणि आमची गाय हिरवं खात होती. बाया बघायला यायच्या. "शांताबाईच्या हातचं गवत किती फोफावून राह्यलं वो!" माझ्या हाताचं नाव कुणी पहिल्यांदाच काढलं होतं. तुम्हाला हसू येईल — येऊ द्या.

साहेबांची अट एकच होती, वर्षाने दुसऱ्या एका घराला कांड्या द्यायच्या. कौसाबाईच आली. तिचीही गाय व्यालेली. "मलेबी दे वो बाई," म्हणाली. आणि लगेच बाया बोलू लागल्या — आता बघा, कौसाबाईच्या हातानं हे गवत माणूसभर होईल.

ते मला झोंबलं. किती झोंबलं, सांगू? सकाळी न्हाणीच्या चुलीवर पाणी उकळत होतं. तिच्यासाठी तोडलेल्या कांड्या मी त्यात बुडवल्या — सगळ्या. मग गार पाणी मारलं, ओल्या तरटात गुंडाळून तिच्या हाती दिल्या. दिसायला हिरव्याच होत्या. कौसाबाईनं हुंगून पाहिलं.

"शिजल्यावानी वास काहून येते वो?"

"तरटाचा असन," मी म्हटलं.

उकिरड्यावर फेकलं तरी फुटणारं ते गवत. तिच्याकडे एक कोंब आला नाही. रोज पाणी घालायची बिचारी. कांड्या काळ्या पडल्या, गाय कडब्यावर आटली. आणि गाव म्हणालं — मी नाही, गावच म्हणालं — "कौसाबाईच्या हाताची बरकत गेली." मी बोलले असते तर? एक वाक्य पुरलं असतं. नाही बोलले.

मिरगाला पेरणीची बोलावणी माझ्याकडे आली. मी गेले, चोळी घेतली, नारळ घेतला. पीक दाट आलं. बियाणं चांगलं होतं, पाऊस वेळेवर होता — हाताचं त्यात काय होतं? हे माझ्याइतकं त्या गावात कुणाला ठाऊक होतं? तरी बारा वर्षं सरता सोडला नाही. आणि सरळ पेरायची मी, कुणालाही विचारा.

एक राहिलं. त्या पहिल्याच मिरगात कौसाबाईचा नवरा, नारायणभाऊ, आमच्या दारात आला. मान खाली. "वयनी, आमच्या वावरातबी यंदा तुमीच या."

तिथेही गेले. कौसाबाई तिफणीपाशी उभी होती. ज्वारीचं बियाणं तिनं सवयीनं स्वतःच्याच ओटीत बांधलं होतं. माझ्याकडे पाहिलं, गाठ सोडली आणि सगळं माझ्या ओटीत ओतलं. एक दाणा खाली सांडला नाही — तसा हात होता तिचा.

मी ओटी आवळली, सरता धरला आणि नारायणभाऊला म्हटलं, "हाका बैल."